चार वर्षं झाली, अंजीर फळत नाही. काढून टाकू का? (प्रश्न थोडा बायबलातल्या लूक 13 चाही आहे)

ड्रमातलं_अंजीर (चरई, ठाणे)
22 सप्टेंबर 2025

नमस्कार मंडळी. प्रश्न झाडाचा आहे, पण थोडा देवाचाही आहे, त्यामुळे कुठल्या विभागात टाकावा कळेना. शेवटी बागेत टाकतेय. अ‍ॅडमिनना हलवायचा असेल तर खुशाल हलवा.

नोव्हेंबर 2021 मध्ये आम्ही सासवडला लग्नाला गेलो होतो. येताना रस्त्याकडेच्या रोपवाटिकेतून नवऱ्यानं अंजिराचं रोप घेतलं. मी नाही हं, त्यानं. हे मुद्दाम लिहितेय, कारण आता तोच म्हणतो काढून टाक. तेव्हा मात्र ठाण्यापर्यंत रोप मांडीवर घेऊन बसला होता आणि पुरंदरच्या अंजिराला जीआय मानांकन आहे हे मला तीनदा सांगून झालं होतं.

निळा प्लास्टिकचा ड्रम अर्धा कापून त्यात लावलं. आमची गॅलरी दुसऱ्या मजल्यावर, पूर्वेला तोंड. झाड आता माझ्या खांद्याला लागतं. पानं म्हणाल तर एकेक पान जेवायच्या ताटाएवढं. गेल्या वर्षी फेब्रुवारीत वाटाण्याएवढी तीन फळं धरली होती. मी घरात सगळ्यांना बोलावून दाखवली. आठवड्यात तिन्ही गळाली. त्याआधी नाही, त्यानंतर नाही. नवऱ्याला त्या जागी कपडे वाळत घालायचा स्टँड हवाय. खालच्या मजल्यावरच्यांना आमच्या ड्रमाचं पाणी त्यांच्या सोलकढीत पडतं असं वाटतं. म्हणजे झाडाच्या बाजूनं घरात आणि बिल्डिंगीत मी एकटीच.

आता देवाचा भाग.

आम्ही कॅथलिक, चरईतले जुने. चर्च मासुंदा तलावाजवळचं सेंट जॉन द बॅप्टिस्ट. उपवासकाळातल्या तिसऱ्या रविवारी यंदा लूक 13 चं वाचन होतं. मालकानं द्राक्षमळ्यात अंजीर लावलेलं असतं, तीन वर्षं तो फळ बघायला येतो, मिळत नाही. माळ्याला म्हणतो, तोडून टाक, जागा कशाला अडवतंय. माळी म्हणतो, महाराज, हे एक वर्ष राहू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो, फळलं तर बरं, नाहीतर मग तोडा. रविवारच्या मिस्सेत (चर्चमधल्या प्रार्थनाविधीत) हे वाचन दर तीन वर्षांनी येतं. म्हणजे 2022 मध्येही मी ते ऐकलं होतं, पण तेव्हा घरचं अंजीर चार पानांचं होतं, म्हणून ऐकून सोडून दिलं. यंदा ऐकताना मानच वर करवेना. नवरा शेजारच्या बाकावरून माझ्याकडे बघत होता. जागा कशाला अडवतंय, हे त्याचं रोजचं वाक्य आहे हो!

अशा गोष्टी झाडांत शोधायची मला तशी सवय नाही. आमच्या जिन्याच्या जाळीवर कृष्णकमळाचा वेल आहे. समोरच्या काकूंनी एकदा फूल हातात धरून दाखवलं: ही झालर म्हणजे शंभर कौरव, हे पाच पांडव, वरचे तीन ब्रह्मा-विष्णू-महेश. मी म्हटलं, काकू, शाळेत आम्हाला सिस्टर सांगायच्या की झालर म्हणजे काट्यांचा मुकुट, पाच म्हणजे येशूच्या पाच जखमा, तीन म्हणजे खिळे, आणि पाकळ्या दहा, कारण बारा शिष्यांतून धरून देणारा यहूदा आणि नाकारणारा पेत्र वजा. काकू म्हणाल्या, अगं, मग कौरवांकडचेही दोनचार वजा करायला हवे होते. वेल मुळात अमेरिकेतला. तिकडच्या स्पॅनिश मिशनऱ्यांनी त्यात क्रूस पाहिला, इकडे आल्यावर आपल्या लोकांनी महाभारत पाहिलं. आम्ही दोघी जिन्यात उभ्या राहून पोटभर हसलो. पण खरं सांगू? त्या मोजामोजीनं देव जवळ आल्यासारखं मला कधी वाटलं नाही. कोडं सुटल्यासारखं वाटतं, तेवढंच.

अंजिराचं तसं नाही झालं. घरी येऊन बायबल काढलं आणि माळी हा एकच शब्द धरून बसले. लूकमध्ये झाडासाठी रदबदली करणारा माळी. योहान 15 मध्ये येशू म्हणतो, मी खरा द्राक्षवेल, माझा पिता माळी. आणि योहान 20 मध्ये पुनरुत्थानाच्या सकाळी मग्दालिया मरीया येशूलाच माळी समजते. लहानपणी मला वाटायचं, रडून तिचे डोळे सुजले होते म्हणून ओळखलं नाही. आता वाटतं, त्याच्या हातापायांना माती असेल, आणखी काय! रोज सकाळी ड्रमापाशी बसून कोरड्या काड्या मोडते तेव्हा हे डोक्यात असतं. प्रार्थना वगैरे म्हणत नाही मी त्या वेळी. नुसती बसते.

तर प्रश्न दोन. एक, झाड ठेवू की काढू? दोन, तुमच्यापैकी कुणाला कुंडीत असं काही सापडतं का, की मी निवृत्तीनंतर जरा जास्तच विचार करायला लागलेय?

---

वाशीचा_विळा (नवी मुंबई)

दुसऱ्या प्रश्नाला माझा पास. पहिल्यासाठी माहिती द्या.
ऊन किती तास? खत काय, किती, कधी? ड्रमातून काढून मुळं शेवटची कधी बघितली? छाटणी कुठल्या महिन्यात?

---

ड्रमातलं_अंजीर

ऊन: पहिली दोन वर्षं सात ते अकरा छान यायचं. मग समोरची चाळ पाडली. आता तिथे टॉवर चाललाय, एकोणीस मजले म्हणे, त्यातले चौदा झालेत. सध्या साडेनऊला एक पट्टी येते आणि दहाला जाते.
खत: शेणखत दर महिन्याला दोन मुठी. शिवाय मासळी धुतलेलं पाणी, आठवड्यातून तीनचार वेळा. आमच्याकडे मासळी तेवढी असते. माझी सासू सगळ्या झाडांना तेच घालायची आणि तिच्या गुलाबाला बघायला लोक यायचे.
मुळं: कधीच नाही.
छाटणी: वाळलेलं काढते, तेवढीच.

---

वाशीचा_विळा (नवी मुंबई)

ताई, रागावू नका, पण तुमच्या झाडाला उपाशी कुणीच ठेवलं नाही, उलट अजीर्ण झालंय. ताटाएवढी पानं आणि फळ शून्य, म्हणजे नत्र जास्त. मासळीचं पाणी बंद. शेणखतही आता छाटणीनंतरच.

दुसरं, ऊन. अंजिराला निदान सहा तास पाहिजे. अर्ध्या तासावर ते जगतं हेच खूप. गॅलरीत ठेवणार असाल तर खरंच स्टँड लावा, कपडे तरी वाळतील. झाड हलवता येत असेल तर पुढचं वाचा.

सासवडचं म्हणजे बहुधा पुना फिग. त्याला फळ धरायला परागीभवन लागत नाही, गांधीलमाशी वगैरे काही नको, तेव्हा एकटं आहे म्हणून फळत नाही असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. पुरंदरला दोन बहार (फळांचे हंगाम) धरतात, खट्टा आणि मीठा. आपल्याकडे पावसाळ्यात दमट हवेनं तांबेरा येतो, पानांच्या खाली विटकरी भुकटी दिसते आणि पानं गळतात, म्हणून पावसातल्या फळाच्या नादी लागू नका. मीठा बहार बघा. पाऊस उघडला की पाणी तोडा, ऑक्टोबरात छाटा. सरळ वाढलेल्या काडीवर डोळ्याच्या जरा वर सालीपुरती तिरकी खाच घ्या, म्हणजे तो डोळा फुटतो. मग खत, मग पाणी. फळ लागलंच तर फेब्रुवारीपासून मेपर्यंत. हातमोजे घाला, चीक लागला की खाज सुटते. गळलेली पानं कंपोस्टमध्ये टाकू नका.

राख असेल तर मूठभर घाला, पालाश मिळतं.

---

ड्रमातलं_अंजीर

राख म्हटलं की आमच्याकडे आधी बुधवार आठवतो 😄 झावळ्यांच्या रविवारी मिळालेल्या झावळ्या वर्षभर क्रूसामागे खोचलेल्या असतात, त्या पुढच्या वर्षी जाळून राखेच्या बुधवारची राख करतात. ती झाडाला घालायची हिंमत नाही. चुलीची शोधते.

पण विळाभाऊ, मला हसू येतंय. दाखल्यातला (म्हणजे येशूच्या त्या बोधकथेतला) माळी म्हणतो खत घालतो, आणि तुम्ही म्हणता खतच थांबवा!

---

वाशीचा_विळा (नवी मुंबई)

तो आधी काय म्हणतो? खणतो. तुम्ही खणायचं सोडून नुसतं खतच घातलंत.

---

रोखठोक

मी तुमच्या धर्मातला नाही, पण वाचलंय थोडं. त्याच येशूनं एका अंजिराला शापही दिला ना? भूक लागली होती, झाडावर फळ नव्हतं, दुसऱ्या दिवशी झाड मुळापासून वाळलं. आणि तिथे लिहिलंय की तो अंजिराचा हंगामच नव्हता. हंगाम नसताना फळ नाही म्हणून शिक्षा? माळी बिळी ठीक आहे, पण ही बाजू सोयीस्करपणे विसरली जाते. निसर्गात देव बघायचा तर तांबेऱ्यातही बघा.

---

कोपरीची_वहिनी (ठाणे पूर्व)

रोखठोक यांना नेहमीप्रमाणे भांडण हवंय. असो.

ताई, अंजीर म्हणजे आमच्या औदुंबराचा सख्खा भाऊ. वड, पिंपळ, उंबर, अंजीर सगळी एकाच घराण्यातली. माहेरी दारात उंबर होता, गुरुवारी आई त्याला प्रदक्षिणा घालायची. लहानपणी आम्ही रात्र जागवली होती, उंबराचं फूल दिसेल म्हणून. दिसलं की राजा होतो म्हणे. मग शाळेत बाईंनी फळ चिरून भिंगाखाली दाखवलं, शेकडो फुलं आत! इतकी वर्षं खिशात घालून फिरत होतो की. अंजिराचंही तेच. तुमचं झाड फुललं नाही असं बाहेरून म्हणायची सोयच नाही.

मी तरी फळ नाही म्हणून झाड तोडणार नाही. पण मी घरातला कंपोस्टचा डबाही टाकू शकत नाही, तेव्हा माझं ऐकू नका.

---

बोळींजचा_म्हातारा (वसई)

उशिरा आलो. वाचून जुने दिवस आठवले. आमच्याकडे वाडीत केळी, पानवेल, मोगरा. अंजीर कुणी लावत नसे, त्यामुळे झाडाबद्दल मी गप्प.

रोखठोक यांचा प्रश्न खोडसाळ असला तरी खरा आहे आणि त्यावर फार पूर्वीपासून लोक डोकं खाजवत आलेत. मार्कनं ती शापाची गोष्ट दोन तुकड्यांत सांगितलीय आणि मधे येशू मंदिरातल्या विक्रेत्यांना आणि सराफांना हुसकावतो तो प्रसंग घातलाय. झाड तिथे मंदिराचं सोंग घेऊन उभं आहे: पानं भरपूर, आत काही नाही. माझं यावर पूर्ण समाधान झालेलं नाही, त्या झाडाची मला अजून दया येते. पण दोन्ही अंजिरं एकाच पुस्तकसंग्रहात शेजारी शेजारी ठेवली गेली आणि एकही गाळलं नाही, हे मला प्रामाणिकपणाचं वाटतं.

ताई, माळी या शब्दाबद्दल एक सांगतो, हिरमुसू नका. मूळ ग्रीकमध्ये तीन ठिकाणी तीन वेगळे शब्द आहेत. लूकमध्ये द्राक्षमळ्यात राबणारा, योहान 15 मध्ये शेत कसणारा, आणि कबरीपाशी मरीयेला वाटतो तो बागवान. तिघांना एका माळ्यात आणलं ते आपल्या मराठी भाषांतरानं. ग्रीक वाचणाऱ्याला तुमची ही गंमत मिळालीच नसती. तसंच जक्कयाचं. तो बुटका जकातदार येशूला बघायला झाडावर चढतो, मराठीत ते झाड उंबर आहे. आणि ते बरोबर आहे, तिकडचं ते झाड उंबराच्याच कुळातलं. त्यामुळे कोपरीच्या वहिनींच्या दारात दत्तगुरू होते तसा जक्कयही वर बसलेला होता असं समजायला हरकत नाही.

तुम्ही टॉवरचं लिहिलंत म्हणून आणखी एक. लूक 13 पुन्हा काढा आणि अंजिराच्या जरा वरचं वाचा. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली, ती काय यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होती? येशू म्हणतो, नाही. आणि लगेच अंजिराची गोष्ट. आधी बुरूज, मग झाड! तुमच्या समोरचा टॉवर पडलेला नाही, वर चाललाय, पण ऊन गेलं त्यात झाडाचं पाप काय? कुणाचं काय चुकलं याची चौकशी संपली की खणायला सुरुवात, एवढाच अर्थ मी घेतो.

आणि ती गोष्ट पुढे काय झाली ते सांगतच नाही. वर्षानं फळ आलं की कुऱ्हाड, लूकनं लिहिलेलं नाही.

जाता जाता: मोशेच्या नियमशास्त्रात नव्या झाडाचं फळ पहिली तीन वर्षं खायचंच नाही, चौथ्या वर्षाचं देवाला, पाचव्यापासून आपलं. त्या हिशेबानं तुमचा अजून एक घासही बुडालेला नाही.

---

रोखठोक

मंदिराचं सोंग हे पटलं नाही, पण उत्तर आवडलं. दया येते म्हणालात ते जास्त आवडलं.

---

वाशीचा_विळा (नवी मुंबई)

बाकी सगळं ठीक. ड्रम हलला का?

---

ड्रमातलं_अंजीर
7 ऑक्टोबर 2025

हलला! सविस्तर लिहिते.

आधी गच्ची मागितली. सेक्रेटरी म्हणाले वॉटरप्रूफिंग नुकतंच केलंय, कुंडी नको. मग मी मागच्या बाजूला पंपाच्या खोलीशेजारी जाऊन तीन दिवस ऊन मोजलं, हातात डायरी घेऊन. सकाळी सव्वादहा ते दुपारी साडेचार. बिल्डिंग रिकामी वाटते पण तिथं उभी राहिले तर सतराजणांनी काय करताय म्हणून विचारलं. काकूंनी आपणहून सेक्रेटरींना सांगितलं की ड्रमाचं पाणी त्या बघतील. खालच्या मजल्यावरच्यांनी तर पहिल्याच दिवशी आनंदानं होकार दिला, का ते सांगायला नको.

रविवारी आगेरा होता. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: आमच्या ईस्ट इंडियन (मुंबई-ठाण्याकडच्या मूळच्या कॅथलिक) लोकांचा सुगीचा सण, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी. नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घेतात. आता चरईत भात कुठलं पिकतंय, लोंब्या बाहेरूनच आणाव्या लागतात. आदल्या दिवशी संत फ्रान्सिसचा सण. ते फ्रान्सिस मठातल्या बागवानाला सांगायचे की सगळ्या वाफ्यांत भाजी लावू नकोस, थोडी जागा फुलांना सोड. त्यांच्या संघातल्या चौघांना 1321 मध्ये इथंच ठाण्यात मारलं गेलं, हे आम्हाला लहानपणापासून सांगितलेलं. फुलांना सोडायच्या जागेचं मात्र मी म्हातारपणी वाचलं. ते नवऱ्याला ऐकवलं. तो म्हणाला, फुलं तरी दिसतात, तुझ्या अंजिराची तीही आत असतात. (कोपरीच्या वहिनी, तुमची पोस्ट मीच त्याला वाचून दाखवली होती. माझ्यावरच उलटली.)

तर आगेऱ्याचं जेवण झाल्यावर तो, वॉचमन आणि काकूंचा मुलगा, तिघांनी ड्रम जिन्यावरून खाली नेला. वाटेत कृष्णकमळाचा अर्धा वेल ओढून निघाला, कौरव आणि काटे सगळे पायरीवर. काकू काही बोलल्या नाहीत, पण मला कळलं. कटिंगं लावलीत.

ड्रम आडवा करून माती सोडवली आणि मी बघतच राहिले. विळाभाऊ, मुळं ड्रमाच्या आतून गोल गोल फिरून दोरखंड झाली होती. माती अशी फारशी उरलीच नव्हती. चार वर्षं मी वरून पाणी आणि खत घालत होते आणि खाली ते बिचारं भिंतीलाच फेऱ्या मारत होतं. कडेची मुळं विळीनं कापली. कापताना हात थरथरत होता, कारण आता मीच मारतेय असं वाटलं. नवऱ्यानं खणायला घेतलं. मी सांगितलं नव्हतं. ड्रमाचा तळच कापून टाकला आणि झाड ड्रमासकट जमिनीत अर्धं गाडलं, म्हणजे मुळांना खाली जायला वाट. काड्या छाटल्या, पाच खाचा घेतल्या. चीक मनगटाला लागलाच, अजून खाजतंय. शेणखत दोन मुठी, राख एक मूठ (काकूंच्या गावच्या चुलीची).

बोळींजचे बाबा, कबरीपाशी मरीयेला बागवान दिसला म्हणालात, माळी नव्हे. मी दोन दिवस हिरमुसले होते. मग ठरवलं, मी मराठीतच वाचते, मला माळीच दिसणार.

नवऱ्यानं उरलेल्या ऑइलपेंटनं ड्रमावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय: "मुदत – आगेरा 2026." मी त्याला म्हटलं, तू मालक झालास का? तर म्हणाला, मालक कसला, मी खणलंय.

आता विळाभाऊ, एकच प्रश्न राहिला. उद्या कोळंबी आणायचीय. तिचं धुतलेलं पाणी कशाला घालू?

---

वाशीचा_विळा (नवी मुंबई)

कृष्णकमळाच्या कटिंगांना. तीसुद्धा मुळं धरल्यावर, पाचपट पाणी घालून, पंधरा दिवसांतून एकदा. अंजिरापासून दहा फूट लांब.